अर्धी पिळलेली ट्यूब

आधी जनाआत्याचं नाव लिहिते. साखरा गावची जनाआत्या, मेंढरं राखणारी. माझी ती कुणीच नाही. ना नात्यातली, ना गावातली. माझं गाव इथून दोन एसट्या बदलून, किनवटच्याही पल्याड. तरी माझ्यासाठी तिनं एक दिवस मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर सोडली. म्हणून तिचं नाव आधी. मालकिणीचं नाव लिहिणारच नाही. तिनंही मला कधी नावानं हाक मारली नाही.

आता झालं ते.

सेनगावच्या रस्त्याला हळदीचं शेड. वर पत्रे, खाली आम्ही. उन्हाळ्याचे दिवस. माझा नवरा बाहेर हळदीच्या मोठ्या कुकरवर, लोखंडी टाक्यांत, हळद शिजवायचा. मी आत बायांच्या रांगेत वाळलेली हळद निवडायची. हळकुंडं इकडं, गड्डे तिकडं. त्या दिवशी मालकीण रांगेपुढून चालत आली आणि माझ्यासमोर थांबली. माझ्या मनगटावर, बांगड्यांच्या खाली, लाल गोल चट्टा होता. कडेला बारीक पुरळ. गजकर्ण. मी बांगड्या ओढून झाकायला गेले. तिनं बघितलं होतं.

"हळदीत बसून राहिली अन् अंगाला गजकर्ण. किती घाण ऱ्हात असशील गं तू."

मी रोज अंघोळ करते. आमच्या पत्र्याच्या खोलीमागं, साडी आडवी लावून, एका बादलीत. तिनं घरातून भाजीच्या दोन कॅरीबॅगा आणल्या. एकीला आतून कोथिंबिरीचा पाला चिकटलेला. माझे दोन्ही हात त्यात घातले आणि मनगटाला सुतळी बांधली. पोत्याचं तोंड बांधतात तशी. दोन वेढे, वर गाठ. म्हणाली, व्यापारी येतात, माल बघतात, हात बघतात. आता निवड.

रांगेच्या टोकाहून कुणीतरी म्हणालं, "नवरी बसली गं हळदीला."

सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले. हे लिहिताना आज अंगाला आग लागते. मी का हसले?

मागचं सांगते. चट्टा आधी मनगटाला नव्हता. कमरेला होता, परकराच्या नाडीखाली. बाईनं असल्या जागेचं लिहावं का, म्हणून चार वेळा हे वाक्य खोडलं. पण झालं तिथंच. घाम नाडीपाशी साचायचा आणि खाज सुटायची. इतकी, की हातातलं हळकुंड टाकून उठावं वाटायचं. बाहेर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, लाज धर, चारचौघीत खाजवत जाऊ नको.

मालकिणीच्या ते ध्यानात आलं. तेव्हा ती चिडली नव्हती. आतून एक ट्यूब आणून दिली. "लाव हे, दोन दिवसात जातंय." ट्यूब अर्धी होती. मधोमध पिळलेली, टोपणापाशी पांढरं वाळलेलं. मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि तिच्या पाया पडले. माझी शाळा सातवीत सुटली. ट्यूबवर सगळं इंग्रजी, बारीक. मी वाचलं नाही. वाचता आलंच नसतं.

आणि खरंच, दोन दिवसात खाज गेली. मी नवऱ्याला म्हणाले, मालकीण देवमाणूस आहे. लावायचं बंद केलं. आठ दिवसांत परत आलं, आधीपेक्षा मोठं. परत लावलं, परत थांबलं, परत आलं. आता ते पोटाकडं सरकलं, मांडीवर उतरलं. ज्या हातानं खाजवायची, त्या हाताच्या मनगटावर उगवलं. आणि मग त्या पिशव्या.

पिशव्या रोज. सकाळी मालकीण बांधायची, संध्याकाळी मी दातानं सोडायची. आत हात शिजायचे. बोटांच्या बेचक्यात पांढरं, ओलं, फुगलेलं व्हायला लागलं. पाणी प्यायचं तर दोन पिशव्यांत तांब्या धरायचा. भाकरी खायला सोडू का विचारलं, तर म्हणाली, "सोड, पण तिकडं जाऊन खाय." नवरा म्हणाला, गप बस, हंगाम जाऊ दे. मलाही तसंच वाटायचं. इथून काढलं तर कुठं जायचं, ही एकच भीती. रात्रंदिवस तीच.

जनाआत्या दुपारी शेडामागच्या हौदावर मेंढरं पाण्याला आणायची. एक दिवस मी तिथं पाणी पिऊन राहिले होते. तांब्या निसटला. तिनं माझ्या हातांकडं बघितलं, पुढं आली, न विचारता सुतळी सोडली. वास आला. तिनं तोंड फिरवलं नाही.

"मेंढराला असं बांधलं असतं तर ते बी चावलं असतं," म्हणाली. "अन् कमरेला काय हाय? सारखा हात जाऊन राहिला."

मी म्हणाले, न्हाई दाखवता येणार, लाज वाटते.

"अगं, रोज दीडशे मेंढरांच्या पोटाखाली बघते मी. तुजं एकटीचं बघून माजे काय डोळे फुटणार न्हाईत."

बघितल्यावर मात्र ती हसली नाही. म्हणाली, उद्या हिंगोलीला जायचं, सरकारी दवाखान्यात. मी सांगितलं, खाडा झाला तर मालकीण काढून टाकील. ती म्हणाली, काढू दे.

दवाखान्यात रांग लांब. मी दोनदा रांगेतून निघाले. दोन्ही वेळा तिनं माझ्या पदराचं टोक धरून मागं आणलं. आत डॉक्टरीणबाई होत्या. पडद्याआड जनाआत्या माझ्या शेजारीच उभी राहिली, मी परकर सैल केला. बाईंनी बघितलं आणि विचारलं, हे आधी काय लावलंय. मी ट्यूब दिली. त्यांनी ती उजेडात धरून वाचली आणि परत दिली.

"खाज लगेच थांबली असेल ना?"

"व्हय."

त्या म्हणाल्या, यात बुरशीच्या औषधात स्टेरॉईड मिसळलंय. ते खाज आणि लाली दाबतं. आपल्याला वाटतं बरं झालं, आणि खाली बुरशी पसरत राहते. त्यांनी दुसरी क्रीम दिली, गोळ्या दिल्या. सांगितलं, पातळ लावायची, चट्ट्याच्या कडेबाहेरही लावायची, सकाळ-संध्याकाळ. डाग दिसेनासा झाला तरी पुढं पंधरा दिवस लावायची. अंग कोरडं ठेवायचं, कपडे वेगळे धुवून उन्हात वाळवायचे. मग मनगटावरचे सुतळीचे वळ बघून म्हणाल्या, हातांना काय बांधता? ते आधी बंद करा. घाम कोंडून बोटं सडायला लागलीत. काम करा, पण हात उघडे आणि कोरडे ठेवून करा. नवऱ्यालाही घेऊन या. त्याच्याही अंगावर निघालंच नंतर. दोन महिने लुंगीत खाजवत होता आणि मला लाज धर म्हणत होता.

मग बाईंनी विचारलं, "दुसऱ्या कुणाचे कपडे वापरता का?"

हंगामाच्या सुरुवातीला मालकिणीनं मला तिचे दोन जुने परकर दिले होते. त्याच्याआधी माझ्या अंगावर एकही चट्टा नव्हता. मी परकर घातले, मग चट्टा आला. आणि ट्यूब अर्धी होती. घरात आधी कुणीतरी ती लावली होती. कुणाला तरी जरूर पडली होती.

परतीच्या एसटीत बसलो. डोक्यात तेवढंच फिरत होतं. परकर, ट्यूब, पिशव्या. आणि मी तिच्या पाया पडले होते.

दुसऱ्या सकाळी ती पिशव्या घेऊन आली. मी हात मागं घेतले.

"बांधणार न्हाई."

"मग ऊठ."

मी कनवटीची ट्यूब काढली, सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"ही अर्धी कुणी लावली, मालकीण?"

तिचा हात आपसूक कमरेकडं गेला. नाडीपाशी. तिथंच थांबला. बायांनी बघितलं. कुणी हसलं नाही.

गजकर्ण कुणालाही होतं. तिला झालं याचा मला राग नाही. तिनं आपलं परकराखाली ठेवलं आणि माझं चारचौघीत सुतळीनं बांधलं, याचा आहे. आणि त्यातही जास्त राग माझ्या त्या पाया पडण्याचा. कुणी उरलंसुरलं दिलं की मान वाकते, ही सवय मला कुणी लावली? शाळेत तर शिकवली नव्हती.

ती म्हणाली, "उद्यापासून येऊ नको."

मी म्हणाले, "आज तर हाय. आजचं काम करून जाते."

आणि बसले. उघड्या हातांनी. दिवस मावळेपर्यंत निवडलं, कुणाच्याही ढिगापेक्षा साफ. शेजारची एक बाई सरकून लांब बसली, तेही लिहिते. संध्याकाळी नवरा डोकं धरून बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही खरंच रस्त्यावर होतो. नवं काम मिळेपर्यंत बरेच दिवस गेले. तरी मला मागं जाऊन ते वाक्य गिळावं असं एकदाही वाटलं नाही.

आता दुसऱ्या शेडात आहे. चट्टे गेले, काळे डाग राहिले. इथं पहिल्याच दिवशी सांगितलं, हाताला काही बांधून घेणार नाही. मालक बघतच राहिला. त्याला काय समजायचं ते समजो.

दवाखान्यातली एक गोष्ट वर लिहिली नाही. रांगेत आमच्यापुढं एक इस्त्रीच्या कपड्यातला माणूस होता. तो जनाआत्याला म्हणाला, "ए म्हातारे, मागं सरक, मेंढरांचा वास येऊन राहिला." ती मागं सरकली. माझ्या पदराचं टोक तिनं तेव्हाही सोडलं नव्हतं. आणि मी खाली बघत उभी राहिले. ती माझ्यासाठी आली होती आणि मी तिच्यासाठी एक शब्द बोलले नाही.

तिच्या डाव्या डोळ्यात आता मोतीबिंदू आहे. ऑपरेशनला कधीतरी तिला त्याच दवाखान्यात जावं लागणार. त्या दिवशी मी खाडा करीन, मग हे शेड राहो न राहो. रांगेत तिच्यापुढं मी उभी राहणार. कुणी तिला मागं सरक म्हणालं, तर ती सरकणार नाही. आणि मी खाली बघणार नाही.