डोंगरावर नेलेली ओटी

मी नास्तिक नव्हतो, पण देवाचं नि माझं फारसं बोलणंही नसे. बंगळुरातल्या एका सरकारी कारखान्यात मी ड्रॉइंगच्या टेबलावर काम करायचो, आणि जे मोजता येत नाही त्याच्या वाटेला जायचं नाही, असा माझा खाक्या होता. ही गोष्ट साठ सालानंतरची. पत्नीला तेव्हा आठवा महिना लागला होता. आधीची दोन्ही बाळं आठव्यातच गेली होती. घरातलं सगळं ती वेळच्या वेळी करायची, पण हसणं तिनं सोडलं होतं. जेवताना मध्येच तिचा हात थांबायचा आणि ती पोटाकडे बघत राहायची. मला तिची भीती बघवत नव्हती आणि माझी मला दाखवता येत नव्हती.

शेजारच्या अक्कांनी तिला सांगितलं की बंगळुराजवळच्या नंदीला जाऊन आईची, देवीची, ओटी भरा, सगळं सुरळीत होईल. तिला तर प्रवास बंद. पण नेमक्या त्याच रविवारी कारखान्यातले दोन मित्र, जोगळेकर आणि पाटील, यांच्याबरोबर मी नंदीचा डोंगर चढायला जाणार होतो. त्या रांगेतलं ते सगळ्यांत उंच शिखर. न थांबता वर कोण पोचतो यावर आमची पैज लागली होती. पत्नीनं खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि हिरव्या बांगड्या एका धुतलेल्या पंच्यात बांधून दिल्या. "ही पोचली की मी घाबरणार नाही," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी अक्का तिच्या सोबतीला बसणार होत्या, आणि मी संध्याकाळच्या गाडीनं परतायचं हे ठरलेलं होतं.

सकाळच्या छोट्या गाडीनं आम्ही निघालो. देवनहळ्ळीच्या पुढं तर ती इतकी रमतगमत चालली की पाटील म्हणाला, मी उतरून हिच्याबरोबर चालत येतो. स्टेशनावरून चालत पायथ्याच्या गावात पोचलो, तिथं एक मोठं जुनं देऊळ होतं. आत घंटा वाजत होत्या, बायका ताटं घेऊन जात होत्या. पाटील सीमेकडचा, कानडी जाणणारा. तो म्हणाला, जरा आत डोकावू या. मी म्हटलं, परतताना बघू. आपल्याकडची कुठलीही देवी आठवा, ती गडावरच बसलेली असते. तिच्याकडे जायचं म्हणजे चढायचंच, हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं की कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

पैज अर्ध्या पायऱ्यांतच निकालात निघाली, कारण तिघंही एकदमच बसलो. तेवढ्यात एका माकडानं माझ्या पिशवीत हात घालून पुऱ्यांचा डबा पळवला. ओटीला मात्र त्यानं हात लावला नाही. जोगळेकर मला चिडवत राहिला की बघ, तुझ्यापेक्षा तो देवभोळा आहे. हसत, धापा टाकत, उपाशीपोटी आम्ही माथ्यावरच्या देवळात शिरलो आणि मी मोठ्या ऐटीत गाठोडं पुजाऱ्यांपुढं धरलं.

पुजाऱ्यांनी बांगड्या बघून पुढं केलेला हात मागे घेतला. मग ते पाटीलशी कानडीत बोलले आणि पाटीलचा चेहरा उतरला. त्यानं आम्हाला सांगितलं, इथला महादेव योगी, संसार सोडून एकटा बसलेला. इथं ओटी चालत नाही. उमा खाली, पायथ्याच्या त्या देवळात. ते आता बंद झालं असेल, ते थेट दिवेलागणीला उघडायचं, आणि आमची गाडी त्याच्या आधीच सुटणार. म्हणजे देवीच्या दारावरून ओटी मिरवत नेली होती आणि ती संन्याशापुढं ठेवली होती.

आम्ही बाहेर येऊन झाडाखाली बसलो. जोगळेकर हळूच म्हणाला की खालच्या देवळाच्या पायरीवर ठेवून देऊ आणि वहिनींना सांगू, भरली. मी कबूल करतो, मी मान हलवली. तिला कसं सांगायचं तेही मनात जुळवायला लागलो.

"अण्णा, स्वल्प थांबा," मागून आवाज आला. नऊवारीतली एक म्हातारी बाई उभी होती. बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातली. आमचं सगळं बोलणं तिनं ऐकलं होतं. "घरात ती पोटुशी बाई वाट बघत बसलेली, तिला लटकं सांगणार? देवी काय नुसती दगडातच असते? ती बघा."

देवळाच्या भिंतीशी एक तरुण बाई मडक्यातलं ताक विकत बसली होती. तीही पोटुशी होती. आम्ही तिच्या समोरून आलो होतो, पण मला फक्त मडकं दिसलं होतं. आम्हा पुरुषांना काही ओटी भरता येत नव्हती. म्हातारीनंच तिला कानडीत समजावलं, कुंकू लावलं, तिच्या पदरात खण-नारळ घातला, हातात बांगड्या चढवल्या. ती बाई आधी लाजली आणि मग तिचे डोळे भरून आले. तिची ओटी कुणी भरलीच नव्हती, असं तिनं म्हातारीला सांगितलं. म्हातारी जाताना म्हणाली की घरचे खालीच थांब म्हणत होते, पण आज गुडघे दुखेनात म्हणून चढले. मी नमस्कार केला, तशी "सरी, सरी", बरं बरं, म्हणत ती वळली.

घरी आल्यावर मी पत्नीला सगळं खरं सांगितलं. आम्ही तिघे संन्याशापुढं बांगड्या धरून उभे राहिलो हे ऐकून ती आधी हसली, कितीतरी महिन्यांनी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिनं विचारलं, "तिला कितवा महिना?" तिला खण आवडला का, तिच्याजवळ कोण असतं, असं काय काय ती विचारत राहिली.

पुढच्या महिन्यात एका पहाटे तिच्या पोटात दुखू लागलं. जटक्यातून, म्हणजे तिकडच्या टांग्यातून, दवाखान्यात नेलं. आत जाताना तिनं माझी बाही धरली आणि म्हणाली, "देवाला सांगाल तेव्हा तिचंही सांगा."

मी बाहेरच्या बाकावर बसलो. ताकवालीचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. मग नुसतेच हात जोडले आणि म्हणत राहिलो, डोंगरावरच्या त्या बाईला सुखरूप सोडव. आपल्या हातात काही नाही, हे इतके दिवस मला भिववत होतं. त्या बाकावर त्याचाच आधार वाटू लागला. दुपारी नर्सनं येऊन सांगितलं की मुलगी झाली, दोघी छान आहेत. तेव्हाही मी त्या दुसरीसाठीच मागत होतो. आमच्यासाठी मागायचं राहूनच गेलं होतं, आणि तरी त्यानं दिलं.