लीभाऊंसाठी शोधलेलं विशेषण

बासष्टच्या दिवाळीत चीनशी युद्ध पेटलेलं होतं, आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी लीभाऊ आमच्या धुळ्याच्या घरी आले. आत आले खरे, पण बसेनात...

लीभाऊ म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले चिनी दातवाले. जन्म धुळ्याचा, बोलणं आमच्यापेक्षा अस्सल खानदेशी. अर्ध्या गल्लीच्या कवळ्या त्यांनी केलेल्या, नानांचीसुद्धा. नाना म्हणजे माझे वडील, हायस्कूलला इंग्रजीचे मास्तर.

लढाई चीनशी, म्हणून इथल्या चिनी लोकांवर सरकारचा संशय; लीभाऊंच्या चौकशीला मुंबईचा साहेब येणार होता. त्याचा विश्वास बसला तर राहायचं, नाहीतर नवराबायकोला उचलून कैदेच्या छावणीत नेणार... साहेबाला इंग्रजीच कळतं, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं. म्हणाले, "नाना, माले एक चांगला इंग्रजी शब्द शिकाडा. मी इमानदार शे, असा."

नाना खुललेच! विशेषणं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ऑनेस्ट नको, ते दुकानदाराला शोभतं. फेथफुल नको, पुस्तकात ते कुत्र्याला लावलंय. लॉयल घ्या... देशाशी इमान राखणारा.

मग रोज संध्याकाळी घोकंपट्टी. आय ॲम अ लॉयल मॅन. पेशंट यायचे बंदच झाले होते, त्यामुळे वेळच वेळ. दवाखान्याच्या पाटीवर कुणी मेल्यानं शेण फासलं, तर लीभाऊ ते धुऊन आले आणि पुन्हा म्हणायला बसले.

साहेब यायच्या आदल्या दिवशी वाक्य तोंडपाठ झालं होतं. तरी लीभाऊ उठेनात. शेवटी हळूच म्हणाले, "मी सांगीसन काय व्हई, नाना? तुम्ही सांगा ना सायबले."

नाना म्हणाले, "पाहू." लीभाऊंना काय समजायचं ते समजलं. चहा न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी नाना वेळेआधीच शाळेत निघून गेले. गल्लीतलंही कुणी साहेबाकडे फिरकलं नाही. पुढच्याच आठवड्यात लीभाऊ आणि त्यांची बायको दोन ट्रंका घेऊन पोलिसांच्या गाडीत चढले, तेव्हा भर दुपारी अख्ख्या गल्लीची दारं बंद होती. मी खिडकीच्या फटीतून पाहत होते. ते दोघं परत आलेच नाहीत.

नाना वाईट नव्हते हो. नोकरी जाईल, लोक देशद्रोही म्हणतील... सगळं समजतं मला. तरी राग येतो तो येतोच. आपलं चांगलेपण आपणच सांगितलं तर कोण ऐकतं? ते दुसऱ्यानं सांगावं लागतं, आणि वेळेवर सांगावं लागतं.

नाना गेले त्यालाही आता किती वर्षं झाली. लीभाऊंचं पुढे काय झालं, कुणाला माहीत नाही. पण त्यांना मुलं-नातवंडं झाली असतील, आणि कुणी त्यांना हे वाचून दाखवलं, तर एवढंच सांगते... तुमचे लीभाऊ लॉयल होते. मी धुळ्याची, मास्तरांची मुलगी, सांगतेय.