टिकलीभोवती आळं पडलं नाही

माझी नोकरी जंतू वाढवायची. असं सांगितलं की नातेवाईक हातातला चहा खाली ठेवतात, म्हणून मी "लॅबमध्ये असते" एवढंच सांगते. अमरावतीच्या एका खासगी लॅबमध्ये रुग्णांचा पू, लघवी, थुंकी आमच्याकडे येते. त्यातले जंतू खरवसासारख्या थराच्या थाळीत वाढवायचे आणि वर कागदाच्या बारीक चकत्या मांडायच्या, प्रत्येक चकतीत वेगळं अँटिबायोटिक. आम्ही बायका त्यांना टिकल्या म्हणतो. ज्या औषधानं जंतू मरतात, त्या टिकलीभोवती स्वच्छ गोल पडतो. मी पहिल्याच आठवड्यात त्याला आळं म्हणाले, झाडाभोवती पाण्यासाठी करतात ते. सगळ्यांनी मला "भाजीवाली" म्हणून चिडवलं. मीही काही कमी नाही. वर्षभरात सगळी लॅब आळं म्हणायला लागली.

भाजीवाली तर मी आहेच. अकोल्याच्या कडेला नदीकाठी आमचं दोन एकर वावर आहे. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. बाप गेल्यापासून माय एकटीच सगळं बघते. नदी नावापुरती उरली आहे. वरच्या अंगाला वस्त्यांचे नाले आणि दोन-तीन दवाखान्यांचं पाणी तिला मिळतं. मोटर लावली की आधी फेस येतो, मग काळपट पाणी. पालेभाजीला ते मानवतं, असं माय कौतुकानं सांगते. डाव्या तर्जनीवर सुतळी गुंडाळून ती एका झटक्यात जुडी बांधते आणि त्याच पाण्यात बुडवते, म्हणजे बाजारात माल टवटवीत दिसतो. तिच्या हाताची जुडी लांबूनही ओळखू येते.

मागच्या पावसाळ्यात पालक कापताना विळा त्याच तर्जनीला लागला. मायनं चिंधी बांधली आणि संध्याकाळपर्यंत जुड्या बुडवत राहिली. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"बोट सुजलं व बाई."

मी कामात होते. म्हटलं, "डब्यात मागची पावरची गोळी असेल ना, तीच घे."

आमच्या घरी बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, उरलेल्या गोळ्यांचा. पावरची गोळी म्हणजे अँटिबायोटिक. ती गरम पडते, म्हणून ताप उतरला की बंद करायची. उरलेली डब्यात टाकायची, पुढच्याच्या कामी येते. मायनं दोन दिवस गोळी घेतली, ठणका कमी झाला, बंद केली आणि वर तांब्याभर ताक प्याली. आठवडा व्हायच्या आत सूज कोपरापर्यंत चढली.

मी तिला अमरावतीला आणलं, दवाखान्यात भरती केलं. पुवाचा नमुना आमच्याच लॅबकडे आला आणि मीच तो थाळीत पेरला. दुसऱ्या दिवशी जंतू दाट उगवले, मी टिकल्या मांडल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी थाळी उचलली.

एकाही टिकलीभोवती आळं नव्हतं.

बांधावर हराळी चढावी तसे जंतू टिकल्यांना खेटून उगवले होते. मी थाळी खिडकीशी नेली, तिरपी करून पाहिली. नंबर पुन्हा वाचला. मग सोबतच्या पोरीवर ओरडले, "फ्रीज कोणी उघडा ठेवला? टिकल्या बाद झाल्या ना!" तिनं टिकल्या तपासायची थाळी पुढे केली. ओळखीच्या जंतूंवर त्याच टिकल्यांनी ठसठशीत आळी पाडली होती. टिकल्यांत काही खोट नव्हती. रोज असे रिपोर्ट टाइप करते मी, पण त्या दिवशी मला एक अक्षर टाइप करता येईना.

आमच्या मोठ्या मॅडमनी थाळी पाहून विचारलं, "ही बाई आधी आयसीयूत होती का? असे जंतू तिथे भेटतात."

माझ्या जन्मानंतर मायनं दवाखान्याची पायरी चढली नव्हती.

मॅडमनी ठेवणीतल्या औषधांच्या टिकल्या काढल्या. एकीभोवती आळं पडलं, तेही चिमुकलं. तेच इंजेक्शन सुरू झालं. पण बोट काळं पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, हात वाचवायचा तर तर्जनी काढावी लागेल. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी मायचे कपडे आणायला अकोल्याला गेले. हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं आणि निघताना मोटरीच्या पाण्याची एक बाटली भरून घेतली. एका बाटलीनं काही सिद्ध होत नाही, हे मॅडमनी बजावलं होतं, ते खरंच आहे. तरी मी ते पाणी पेरलं, उगवलेल्या जंतूंवर टिकल्या मांडल्या. नेहमीच्या एकाही औषधाला आळं पडलं नाही. दर सोमवारी घरून येताना आणलेला, ह्याच पाण्यात बुडवलेला सांबार मी अख्ख्या लॅबला वाटत होते, आणि सगळ्या जणी वास घेऊन वा वा करत होत्या.

त्याच दुपारी दवाखान्यात गेले तर माय उठून बसली होती. सूज उतरली होती.

"उतरलं ना आता. बंद करा म्हणा हे इंजेक्शन," ती म्हणाली. "उरलं ते डब्यात ठिवू. तुह्या काकूले कामी पडीन."

माझा तोल गेला. सगळ्या वॉर्डासमोर मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, त्या डब्यानंच तुझं बोट खाल्लं, काय वाटेल ते जमा करून ठेवतेस, काही कळतं का तुला? पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली.

मायनं पट्टी बांधलेला हात मांडीवर ओढून घेतला.

"मले काहून बोलून राहिली?" ती हळूच म्हणाली. "तूच त लिहून ठिवलं व पट्ट्यांवर. पाह्य ना."

पिशवीत लुगड्याच्या घडीखाली तो डबा होता. घाईत मीच भरला होता. मी झाकण काढलं. गोळ्यांच्या प्रत्येक अर्धवट पट्टीवर निळ्या पेनानं एकेक शब्द होता. ताप. खोकला. जखम.

अक्षर माझंच होतं, नमुन्यांच्या बाटल्यांवर काढते तसंच, गोल आणि सुवाच्य.