तात्यांची हजेरी

आमचे हे जाऊन आज वर्ष झालं, तरी रोज सकाळी त्यांची हजेरी घेतात.

खोटं नाही सांगत. ह्यांना हॅम रेडिओचा नाद होता. सरकारचं लायसन काढायचं आणि घरात बसून वायरलेसवर गावोगावच्या मित्रांशी बोलायचं. सरकारची परवानगी काढली, माझी कुणी विचारली नाही.

सकाळी चहाच्या वेळेला सगळे मित्र रेडिओवर जमतात. बार्शीचे शेखभाई एकेक गाव पुकारतात. सांगोला, हजर. पंढरपूर, हजर.

"सोलापूर, तात्या."

हे आमच्या ह्यांचं नाव. आणि थांबतात. कुणीच बोलत नाही.

मग पुढचं गाव.

त्यांच्यात रीतच आहे तशी. माणूस गेलं की वर्षभर नाव पुकारायचं, वर्षाच्या दिवशी शेवटचं. मग काढून टाकायचं.

तो दिवस आज होता.

माझी नात पूर्वा मागंच म्हणाली होती, "आज्जी, सोलापूर गप्प बसणार न्हाय." अभ्यास केला, परीक्षा दिली, लायसन आलं. मला वाटलं झालं काम.

काल आजोबांच्याच सेटवर बोलून बघितलं तर शेखभाई म्हणतात, "बेटी, बदक बोलल्यासारखा आवाज येतोय. काय बी कळंना. सेट सरकलाय बग."

सरकणारच की. वर्षभर बंद. माणूस एवढं बसून राहिलं तर गुडघे धरतात, ते तर यंत्र.

पोरीचं तोंड एवढंसं झालं. "आज्जी, उद्या मी बोलले आणि कुणाला कळलंच नाही तर नाव काढतील गं."

आता हे सरकणं म्हणजे काय, ते सांगते. मी चौथी शिकलेली बाई, हे सुद्धा फोनमध्ये बोलते आणि ते आपोआप लिहून येतं. पण एवढं मला येतं.

ह्यांचं टेबल स्वयंपाकघराच्या दाराला लागून. लोक कुठून कुठून बिघडलेले सेट पाठवायचे, एसटीनं, जुन्या चादरीत गुंडाळून. चादरी परत कधी मागितल्या नाहीत कुणी. आमच्याकडं अजून गठ्ठा आहे.

माझ्या शेंगाचटणीच्या बरण्यांत ह्यांचे स्क्रू. तारांना डाग देताना घरभर राळेचा धूर. मी म्हणायची, "अहो, भाकरीला वास लागतोय." तर म्हणायचे, "लागू दे, पचायला हलकी हुतीय."

सेट दुरुस्त झाला की त्याचा सूर लावायचा. लांबच्या देशातलं एक स्टेशन असतं, नुसतं टिकटिक करून वेळ सांगतं. त्याचा सूर पक्का. आपला सैल असला की दोन्हींची मिळून शिट्टी वाजते. आतला बारका स्क्रू फिरवत शिट्टी खाली खाली आणायची. शेवटी ती घुमायला लागते, हुंव... हुंव... आणि जाते. गेली की जुळलं.

आणि नेमके आमचे हे बहिरे झाले.

बोललेलं ऐकू यायचं, पण ते शेवटचं घुमणं काही कळंना. स्क्रू पुढं जायचा आणि शिट्टी परत वर. चिडायचे.

माझा कान मात्र तिखट. माझा बाप यंत्रमागावर कामाला होता, शेडच्या मागंच आमची खोली. एवढ्या खडखडाटात एक माग अडला तरी मला झोपेत कळायचं.

एकदा भाकरी थापता थापता मीच बोलले, "गेली होती की आत्ता. तुम्ही पुढं नेलात."

माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "हं. सांग मग."

तेव्हापासून स्क्रू ह्यांचा, कान माझा. मी आतनं ओरडायची, "उतरतंय... उतरतंय... घुमतंय... थांबा."

शाबास कधी म्हणाले नाहीत. "हं" म्हणायचे, आणि चहाचा कप स्वतः उचलून मोरीत ठेवायचे. तेवढंच.

तर आज सकाळी पूर्वा उठली ती स्क्रू घेऊनच बसली. शिट्टी घालवली, आणि थोड्या वेळात परत वाजायला लागली. परत घालवली, परत आली. रडायच्या घाईला पोर.

मी म्हटलं, "आधी चहा."

"आज्जी, चहा कसला गं, वेळ बग की."

"अगं, सेट गार आहे. गरम होईल तसा सरकणारच. तुझे आजोबा सेट चालू करून आधी चहा प्यायचे, मग हात लावायचे. मला वाटायचं चहाचे लाड आहेत."

चहा प्यालो. मग ती टेबलाशी, मी ओट्याशी.

"उतरतंय... हळू गं... घुमतंय... थांब."

गेली. थोडं थांबून बघितलं. परत नाही आली.

तेवढ्यात हजेरी सुरू झाली. सांगोला. पंढरपूर.

"सोलापूर, तात्या." शेखभाईंचा आवाज जड झालेला. शेवटचं नाव घेत होते ना.

पूर्वानं बटण दाबलं. आधी लायसनवर मिळालेलं आपलं कॉलसाईन सांगितलं, मग म्हणाली, "सोलापूर हजर. तात्यांची नात बोलतेय."



मग शेखभाई, "बेटी, आवाज एकदम सरळ आलाय. तात्यानं लावल्यागत. कुणी लावला गं सेट?"

"स्क्रू मी फिरवला. ऐकलं आज्जीनं."

शेखभाई हसले. "मग बरोबर हाय. तात्या आमाला कायम सांगायचा, माझा सेट कधी सरकत न्हाय, माझा कान स्वयंपाकघरात असतो."

हे सगळ्यांना सांगत होते म्हणे. बार्शीला, सांगोल्याला, पंढरपूरला. मला सोडून सगळ्यांना.

मी ओट्याशी उभी, आणि हसूच थांबेना. पूर्वा म्हणते, "आज्जी, रडतीयस का हसतीयस?"

उद्यापासून सोलापूरला पूर्वाचं नाव पुकारणार आहेत. अहो, तुमचं नाव काढलं, पण जागा रिकामी नाही.

आज तुम्ही उचलायचा तो कप मीच उचलून मोरीत ठेवला.

बरं, या आता, निवांत जा. तुमच्या कानाचा तुम्हाला नमस्कार.