सेल्बीकाकाच्या उश्या

ड्रूसीकाकूचं पहिलं हाड मोडलं ते पाळण्यात, लंगोट बदलताना. मग शाळेत, चर्चमध्ये, मासे वाळवायच्या माचीवर, आणि लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात. त्या एका मोडण्याचं श्रेय सेल्बीकाका आयुष्यभर मिशीला पीळ देत घेत आला. तिच्या बापाची हाडंही तसलीच, डोळ्यांतलं पांढरंही तसंच निळसर. "बापानं होडी न्हाई ठेवली, जमीन न्हाई ठेवली," ती म्हणायची, "ठेवली ती ही हाडं. वाटणीला भाऊसुद्धा भांडला न्हाई."

सेल्बीकाका म्हणजे आख्ख्या खाडीत आडदांड गडी. पण दम्यापायी वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या खाल्ल्या, आणि यंदाच्या उन्हाळ्यात चुलीवरची किटली उचलता उचलता शिंकला, तर पाठीचा मणकाच पिचला. त्यामागं आणखी दोन. माणूस वीतभर खाली आला. विजार जमिनीवर लोळायला लागली.

डॉक्टरीणबाई आमच्या न्यूफाउंडलंड बेटावरचीच, कोळ्याची पोर. तिनं सरळ सांगितलं, "काकूच्या हाडांच्या जाळ्याचं सूतच जन्मापासून कच्चं. काका, तुमचं जाळं पक्कं होतं, गोळ्यांच्या उंदरांनी कुरतडलं. औषध दोघांना एकच. पण बसून राहाल तर उरलेलंही जाईल. चाला."

काका चालेना. चुलीजवळच्या झुलत्या खुर्चीत रुतला तो रुतलाच. पडीन म्हणून धक्क्यावर जाईना, परसात जाईना. नाताळ आला तरी तिथंच.

"मला जलमापासनं सवय हाय," काकू म्हणाली. "तुला हाडं मोडायचं शिक्षण उशिरा मिळालं, म्हणून घाबरतोयस."

"तू गप गं. तुझं देवानं दिलेलं. माझं औषधानं केलंय."

"मग देवाकडं जा न्हाईतर औषधवाल्याकडं जा. पण खुर्चीतनं ऊठ."

आमच्याकडं नाताळानंतर रोज रात्री घरोघर सोंगं निघतात, आणि कोण आलंय ते घरवाल्यांनी ओळखायचं. बाप्यांनी झगे चढवायचे, बायकांनी विजारी, तोंडावर पडदा, आणि बोलायचं ते श्वास आत ओढत, म्हणजे आवाज ओळखू येत नाही. अंगात उश्या कोंबायच्या, म्हणजे आकारही कळत नाही. काकूनं घरातली एकूण एक उशी काढली. पुढं दोन, मागं दोन, कुल्ल्यांवर एकेक. वर पाद्रीबाईनं टाकून दिलेला झगा.

"आता पड कुठं पडायचं तिथं," ती म्हणाली. "गादीच झालायस."

दोघं शेजारच्या हेडलीच्या स्वयंपाकघरात शिरली तेव्हा मी तिथं बाजा वाजवत होतो. काकू काकाच्या रबरी बुटांत तोऱ्यात फिरत होती. तिला कुणी ओळखेना. काका मात्र दोन्ही हातांनी खुर्ची चाचपत हळूच टेकला, अगदी काकू टेकते तसा.

हेडली ओरडला, "ओळखलं! ही आमची ड्रूसीकाकू!"

काका श्वास आत ओढत म्हणाला, "न्हाई."

"आवं, बसायची तऱ्हाच सांगतीया. एवढीशी उंची, त्यात पोक. ए, हिला नाचायला वढू नका रं. मोडंल बिचारी. सेल्बीकाका जिता होता तवर..."

"मेला का काय तो?" काकानं पडद्यामागून श्वास आत ओढतच विचारलं.

"मेल्यागतच की. खुर्चीतनं उठतोय कुठं?"

स्वयंपाकघर हसलं. काकू सर्वांत मोठ्यानं. काका उठला. मी बाजा मंद केला, आणि तो काकूचा हात धरून एक आख्खी फेरी नाचला, पाय घासत, उश्या हलवत. मग पडदा वर केला. हेडलीचं तोंड उघडंच राहिलं.

"रम आण," काका म्हणाला. "मेलेल्या माणसाला तहान लागते."

परतताना मी मागेच होतो. हेडलीच्या उतारावर बर्फात काकाचा पाय सटकला आणि तो पाठीवर पडला. मी धावलो. काकूनं हात आडवा करून मला थांबवलं.

"काय मोडलं?" तिनं विचारलं.

काकानं पाठ चाचपली, ढोपर चाचपलं, बोटं हलवून बघितली. झग्यातून पिसं उडत होती.

"उशी," तो म्हणाला.

"मग ऊठ."

तो आधी कुशीवर वळला, मग गुडघ्यांवर, तिनं दाखवलं तसा. उभा राहिला, झगा झटकला.

"उद्या कुणाकडं जायचं?" त्यानं विचारलं.