गाळातलं जहाज आणि देवळाचा भोंगा

मी आज जो काही आहे तो शाळेतल्या माझ्या विज्ञानाच्या सरांमुळे आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्यांच्यावरच्या रागाने लिहिणार आहे.

माझे वडील तापीकाठच्या एका केळीच्या बागेत सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबायचे. दहावीनंतर मलाही त्याच बागेत घालायचं घरात ठरलं होतं. सर आमच्या अंगणात येऊन खाटेवर बसले आणि वडिलांचं मन वळेपर्यंत उठले नाहीत. पुढे कॉलेज जवळ पडावं म्हणून मी त्यांच्याच घरी राहिलो. मग बीएस्सी, मग बीएड. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. आता त्याच शाळेत, त्यांच्याच विषयाला मी शिक्षक आहे, आणि निवृत्त झालेले सर शाळा समितीचे अध्यक्ष आहेत.

उत्क्रांतीचा पाठ त्यांनी आम्हाला शिकवला तो दिवस मी विसरलेलो नाही. वर्गातले बाक जोडून त्यांनी जहाज केलं आणि आम्हाला त्यात बसवलं. पाद्री व्हायला निघालेला एक तरुण, समुद्र लागून उलट्या करत वर्षानुवर्षं कसा हिंडला, बेटांवरच्या पक्ष्यांच्या चोची कशा पाहत राहिला, हे ते टेबलाला टेकून सांगत होते. घंटा झाली तरी आम्ही उतरलो नव्हतो. विज्ञान घ्यायचं हे मी त्या बाकावर ठरवलं.

त्याच जहाजाची बातमी मागच्या हिवाळ्यात मोबाइलवर वाचली. जगभर फिरून आल्यावर ते एका खाडीत चोरट्या मालावर पहारा ठेवायला उभं केलं, नंतर भंगारात विकलं. त्याचं पुढे काय झालं हे बराच काळ कुणाला ठाऊक नव्हतं. जुने नकाशे आणि जमिनीखालचं टिपणारी यंत्रं वापरून शोधणाऱ्यांना त्या दलदलीत त्याची जागा सापडली. खालची लाकडं अजून गाळात असावीत, असं त्यांचं म्हणणं. मी हे दहावीच्या वर्गात सांगितलं. तीन मुलींनी लगेच ठरवलं की तळोद्याच्या तालुका विज्ञान प्रदर्शनात हेच न्यायचं. पुठ्ठा आणि बांबूच्या कामट्यांचं जहाज, अर्धं तापीच्या काळ्या गाळात रुतलेलं, आणि भोवती मातीच्या चोचींचे पक्षी.

त्यांतल्याच एकीने परिपाठात ती बातमी वाचली. आमच्या परिपाठात राष्ट्रगीत, प्रार्थना, दिनविशेष आणि मग बातम्या असतात. गावात तेव्हा हरिनाम सप्ताह चालू होता. सप्ताहाला दरवर्षी शाळेचाच अ‍ॅम्प्लिफायर देतात. तो ऑफिसातून हलवत नाहीत, फक्त वायर ओढून देवळावरच्या भोंग्यांना जोडतात. सकाळी ती काढायची राहिली. मुलगी शाळेच्या पटांगणात वाचत होती आणि आवाज देवळाच्या कळसापासून येत होता. माणूस आणि माकड यांचे पूर्वज एकच होते, हे वाक्य मंडपात ज्ञानेश्वरी उघडून बसलेल्या बायांनी देवाच्या भोंग्यातून ऐकलं.

दुपारपर्यंत गावात दोन गोष्टी झाल्या होत्या. काही जण हसत होते, आणि काही जण सरांच्या ओट्यावर जमले होते.

संध्याकाळी सर शाळेत आले. शाळेत ते नेहमी प्रमाण मराठी बोलायचे, त्या दिवशी घरच्यासारखं अहिराणीत बोलले. मला वाटलं, भोंग्याच्या चुकीवर रागावतील. त्यांनी भोंग्याचं नावही काढलं नाही. प्रदर्शनात जहाज न्यायचं नाही, ठिबक सिंचनाचं मॉडेल कपाटात आहे ते न्या, म्हणाले. ते मॉडेल आम्ही दरवर्षी नेतो. त्याच्या नळ्या पिवळ्या पडल्या आहेत.

मी कारण विचारलं, तेव्हा स्टाफरूममध्ये बसलेल्यांकडे पाहून ते हसत म्हणाले, "तुन्हा जहाजवाला म्हनस, आख्खी दुनिया एकच भाऊबंद शे. मंग कानबाईना रोट कोनले कोनले वाढशी, भाऊ? वांदरेसले बी?"

सगळे हसले. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. तिच्या नैवेद्याचा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा असतो, बाहेरच्या कुणाला त्यातला घास देत नाहीत. मी कानबाईला हात जोडतो, माझी आई तिची गाणी म्हणते. पण ते हसणं मला सहन झालं नाही.

"आबा," मी म्हणालो. घरी आम्ही त्यांना आबा म्हणायचो. "मी तुमना घर ऱ्हात व्हतू तवय रोट माले बी नही भेटना. मी ते मानूस व्हतू."

मी तर माणूस होतो, तरी रोट मिळाला नव्हता, हे ऐकून हसणं थांबलं. वाईट वाटलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तेव्हा नाही. त्या दिवशी त्यांच्या पत्नीने माझ्यासाठी वेगळी खिचडी टाकली होती आणि मी ती आनंदाने खाल्ली होती, हेही खरं होतं. पण ते मी सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं नाही.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. ज्या बाया मंडपात बसल्या होत्या त्यांच्याच पोरी शाळेत आहेत. शाळा आपला देव काढून घेणार नाही, या भरवशावर त्या पोरींना पाठवतात. एकेका अंगणात बसून आपण ही मुलं आणली, तू एका मोडक्या जहाजापायी ती घालवशील, म्हणाले. यातलं अक्षरही खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला. खोटं असतं तर खोडून काढलं असतं.

मी शेवटचं विचारलं, की बाकांचं जहाज करून तुम्ही आम्हाला शिकवलंत ते तुम्हाला पटलं होतं की नाही.

"पुस्तकमा व्हतं म्हनीसन शिकाडं," ते चप्पल घालत म्हणाले. "तुले मार्क उनात ना?"

त्यांनी त्या पाठाची निंदा केली असती तर मी सहन केली असती. सर भाविक आहेत, त्यांची पहाटेची पूजा मी पाहिली आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. विज्ञान आणि देव यांचा झगडा त्यांना आयुष्यभर सतावत राहिला, असं म्हणाले असते तर मी त्यांच्या पायाशी बसून ऐकलं असतं. पण ज्या गोष्टीने माझी दिशा ठरली ती त्यांच्या लेखी मार्कांपुरती होती. आणि आता त्या तीन मुलींनाही तेवढीच द्यायची होती.

मुख्याध्यापक चांगले गृहस्थ आहेत, पण त्यांना कुणाचाच राग नको असतो. अध्यक्षांनी लेखी दिलं तर थांबवतो, नाहीतर तुमच्या जबाबदारीवर न्या, असं ते म्हणाले. सरांनी काही लेखी दिलं नाही. ते कधीच देत नाहीत, त्यांचा शब्दच पुरतो. मग मीच त्यांना लिहिलं.

पत्राचं उत्तर आलं नाही, सकाळी फाटकाशी सरही आले नाहीत. जहाज तळोद्याला गेलं. बक्षीस मिळालं नाही, पण मुली दिवसभर घसा बसेपर्यंत बोलत होत्या. तेव्हापासून सर माझ्याशी बोललेले नाहीत. आता पुन्हा लिहायची वेळ आली तर मी हेच पत्र लिहीन.

"सर,

पाया पडून लिहितो आहे, पण मान खाली घालून नाही.

स्टाफरूममध्ये मी रोटाचं बोललो ते चारचौघांत बोलायला नको होतं. पण तुम्ही चेष्टाही चारचौघांतच केलीत.

तिन्ही मुलींच्या घरी मी जाऊन आलो. काय शिकवतो ते सांगितलं, काय शिकवत नाही तेही सांगितलं. देव आहे की नाही, हे या पाठात नाही, असं स्पष्ट सांगितलं. एकीच्या आईने विचारलं, की एवढं मोठं जहाज चिखलात जाईपर्यंत तिथले लोक काय करत होते. मग घरात उरलेला ऑइलपेंट तिने जहाजाला दिला. दुसरीच्या वडिलांनी मला बसा म्हटलं नाही, पण मुलीला नाहीही म्हटलं नाही. तिसरीची आजी म्हणाली, तुम्ही सांगाल तर ती नातीला थांबवेल. म्हणजे तुमचा शब्द अजून चालतो, सर. म्हणूनच सांगतो, तो जपून वापरा.

शाळेतून पोरी कमी होतील ही तुमची भीती मला समजते. मीही तसाच कमी होणार होतो. पण एकदा शाळेत आणल्यावर त्यांच्यापुढे जे ठेवायचं ते आपल्याला पटलेलं असावं. नसेल पटलं तर तसं त्यांच्या तोंडावर सांगावं. मार्कांसाठी म्हणून एखादी गोष्ट खरी सांगायची आणि गावासाठी म्हणून तीच मोडीत काढायची, हे माझ्याच्याने होणार नाही.

तुम्हाला जहाज थांबवायचं असेल तर मला निरोप धाडू नका. उद्या सकाळी शाळा भरायच्या आधी टेम्पो फाटकाशी उभा असेल. मुली मागे गाळाची घमेली सांभाळत बसलेल्या असतील. तुम्ही या, तुमचं म्हणणं त्यांना सांगा, त्यांचंही ऐका. त्यांनी तुमच्यासमोर मानलं आणि त्या खाली उतरल्या, तर मी कपाटातून ठिबकचं मॉडेल काढून देईन. तुमच्यासाठी पुढची सीट मोकळी ठेवायला सांगितलं आहे."