ओटी भरून पाठवलेली गाडी

फलटणहून भाच्याचा फोन आला, "मावशी, आई गेली." त्याला आता तीन आठवडे होतील. रडू नंतर आलं, आधी आला तो राग. आणि तोही कुणाचा, तर आमच्या वडिलांचा, आबांचा, जे स्वतःच कधीचे वारलेत… पण राग काय माणूस आहे की गेला हे बघून येतो? अक्का माझी थोरली बहीण. तिच्याबद्दल लिहायचं तर आबांना वगळून कसं लिहू?

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. सांगलीजवळच्या आमच्या गावातून तेव्हा एक छोटी आगगाडी रोज सकाळी सांगलीला जायची. मुख्य लाइनला फुटलेला तो जेमतेम फाटा. पण गार्ड ओळखीचे, बायकांचा डबा वेगळा, म्हणून त्या गाडीच्या जिवावर अक्का कॉलेजात जाऊ लागली. आमच्या गावातली पहिलीच मुलगी, आणि तीही सायन्सला. ॲसिडनं पदराला पडलेलं भोक ती मैत्रिणींना मिरवून दाखवायची.

मग मोठ्या रुळाचं, ब्रॉडगेजचं काम निघालं. नवी लाइन गावाला वळसा घालून गेली आणि आमचा फाटा बंद होणार असं कळलं. आता आमच्या गावाची अक्कल बघा! अर्जविनंत्या करायच्या सोडून गाडीला निरोप द्यायचा घाट घातला. लेक सासरी निघाली की ओटी भरतात ना, तशी इंजिनाची ओटी भरायची! आबा सरपंच, मग काय विचारता… खण-नारळ, ताशा, फोटोवाला, सगळी हौस. बायकांनी इंजिनाला हळदकुंकू लावलं, काहींनी डोळेसुद्धा पुसले. अक्का घरातून हलली नाही. आबा फेटा बांधून निघाले तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "आबा, गाडी ऱ्हाऊ द्या म्हणून एक तरी अर्ज केला व्हय तुमी?"

"सरकारनं ठरवल्यावर आपण काय करनार, पोरी?" म्हणाले आणि फेटा सारखा करत गेले.

एसटी धरायची तर उसातून लांब चालत जावं लागे. एकटी पोर उसातून धाडायची नाही, हे आबांनी ठरवलं. ते ठरवायला काही सरकार लागलं नाही. त्याच उन्हाळ्यात अक्काला फलटणला बागायतदारांच्या घरात दिली. पुढे एसटी थेट गावात आली, मी तिच्यातून ऐटीत जाऊन शिकले, मास्तरीण झाले. अक्कानं माझा कधी हेवा केला नाही. केला असता तर मला बरं वाटलं असतं…

परवा तिच्या घरी गेले होते. तिची सून कौतुकानं सांगत होती, सासूबाईंची शिस्त म्हणजे शिस्त. उजाडायच्या आत अंघोळ, वेणी, इस्त्रीची साडी, आणि पायात चपला घालून बाहेरच्या खोलीत बसायच्या. जायचं कुठंच नसायचं. थोड्या वेळानं चपला काढून स्वयंपाकाला लागायच्या. आजारपणातही यात कधी खंड पडला नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, "शिस्त कसली गं… गाडीची वेळ व्हायची तिची."

सुनेनं विचारलं, "कुठली गाडी, मावशी?"